एकाच दारातली दोन उत्तरं

पीएच.डी.साठी मी दर्यापुरात घरोघरी जाऊन विचारत होते, तुमच्या घरातली रिकामी खोली दुसऱ्या जातीच्या कुटुंबाला भाड्याने द्याल का? प्रश्न आणखीही होते, पण सगळा अभ्यास या एकावर उभा होता. अकोल्याच्या माझ्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं, "शब्द बदलायचा नाही, चेहरा हलू द्यायचा नाही. समाजशास्त्र हेही विज्ञानच आहे."

चेहरा मी दगडासारखा ठेवायचे. पण माझ्या प्रश्नाआधी समोरून एक प्रश्न यायचा, आडनाव काय? खोटं सांगायचं नव्हतं. मी बौद्ध आहे, आणि आमच्या भागात ते आडनावावरून लगेच कळतं. कळलं की समोरचं माणूस सावरून बसायचं आणि म्हणायचं, "आमच्याकडं तसं काही नाही. देऊ ना." दारोदार तेच. शिकायला शहरात आले आणि राजापेठेत स्वतःसाठी खोली शोधत वणवण फिरले तेव्हा ही सगळी उदार माणसं कुठे होती कोण जाणे.

पडताळणी म्हणून काही घरांत दुसऱ्या कुणीतरी जाऊन तोच प्रश्न विचारायचा होता. ते काम माझ्या वर्गमित्राने केलं. तो शेतकरी घरातला, त्याचं आडनाव ऐकून कुणी सावरून बसत नसे. संध्याकाळी जीपच्या थांब्यावर भेटला, तर कागद हातात देईना.

"काय झालं?"

"तुले दाखवू का नको, समजून नाही राह्यलं."

मी कागद ओढून घेतले. नाही, नाही, देणार नाही. एका काकूंनी मला चहा पाजून, अगदी मोकळेपणाने हो म्हटलं होतं. त्यांचंही नाहीच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात उभी राहिले. हे काही नियमात बसत नव्हतं. काकू ओसरीवर तूर निवडत होत्या. मी सरळ विचारलं, मला हो आणि त्याला नाही, असं का? त्या चिडल्या नाहीत, की ओशाळल्याही नाहीत.

"तुमच्या तोंडावर नाही कशी म्हणू, बाई? तुमाले वाईट वाटलं असतं. बसा, चहा टाकते."

मी बसले नाही. त्यांच्यावर धड रागावताही येईना, आणि त्याचाच जास्त संताप झाला.

अकोल्याला जाऊन सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ती घरं विश्वासार्ह नाहीत. काढून टाका."

"सर, विचारणारं माणूस बदललं की उत्तर बदलतं, हेच तर आपल्याला सापडलंय."

"तो पद्धतीतला दोष आहे, निष्कर्ष नव्हे. मुलाखती त्यालाच पुन्हा घेऊ द्या."

म्हणजे दोष मी. माझ्या जागी तो गेला की विज्ञान शुद्ध होणार होतं. त्याचं आडनावही आडनावच आहे, हे मी परोपरीने सांगितलं. सरांनी पुढच्या विद्यार्थ्याला आत बोलावलं.

मुलाखती मी दुसऱ्याला दिल्या नाहीत. उलट या दोन उत्तरांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. सरांनी ते कापलं, मी पुन्हा घातलं, त्यांनी पुन्हा कापलं. सहीवाचून प्रबंध अडून राहिला, तेव्हा मीच थकले. शेवटी 'अभ्यासाच्या मर्यादा' या मथळ्याखाली एक वाक्य उरलं: संशोधकाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा उत्तरांवर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे.

पदवी मिळाली. आईने गल्लीभर पेढे वाटले. मी मात्र त्या 'शक्यता' शब्दावर अजून धुसफुसते.