पारीवरची माती

परवा नातवानं मला गोंदियाच्या बागेत नेलं. नुकतंच गवत कापून पाणी मारलं होतं. तो ओला वास नाकात गेला आणि मी थेट कलकत्त्याच्या बागेत पोचले.

इंग्रज असतानाची गोष्ट. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून मायला कलकत्त्याच्या दवाखान्यात नेलं होतं. सोबत बा आणि मी. एका दुपारी तिथल्या डॉक्टरनंही मान हलवली. बा मला घेऊन समोरच्या मोठ्या बागेत शिरला.

आत असाच ओल्या गवताचा वास, आणि दगडी काठाचा तलाव होता. आम्ही गोंदिया भागातल्या सौंदडकडचे, पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणारे. परक्या तलावावर गेलं की त्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर, ओंजळभर माती टाकायची आणि घरच्यांसाठी मागणं मागायचं, ही आमच्या घरची रीत. बानं फुलांच्या वाफ्यातली माती उकरली, काठावर ठेवली आणि डोळे मिटले.

"ए! क्या गंदगी कर रहा है?" पहारेकऱ्याची काठी बाच्या पाठीत बसली.

"पार होय न जी हे. माती टाकून राहिलो. घरची बिमार आहे."

"उठा सब!"

बानं सगळी माती वेचून वाफ्यात टाकली. धोतराच्या सोग्यानं दगड पुसला.

दुसऱ्या दिवशी माय गेली.

तेव्हा मला त्या काठीचा राग आला होता. आता तो पुसलेला दगडच डोळ्यांपुढून हलत नाही. बा पुढेही तलावांवर माती टाकायचा. पण डोळे मिटायचा नाही. मागे कोणी उभं आहे का, तेवढं बघायचा.