झुंबरबाईंचा शेतातला आवाज

लग्न होऊन मी केदारखेड्याला आले, त्याला आता चार वर्षं झाली. माहेर जालन्याचं, सासर भोकरदन तालुक्यातलं आणि नोकरी राजूरजवळच्या एका शाळेत. पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंचे शब्द मोजले होते. खरंच मोजले. मंगळवारी सकाळपासून झोपेपर्यंत अकरा. त्यातले चार नुसते 'हो' होते.

सासूबाईंचं नाव झुंबरबाई. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं काटक, हात सतत कामात. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आत्याबाईंना मीठ हवं असलं की त्या आधी बरणीकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. चहा उतू चालला तर बांगड्या वाजवायच्या. बाहेर ओसरीवर सासऱ्यांचे थोरले भाऊ, धर्मराज, खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले असत. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांच्या पत्नी नातवंडं सांभाळायला मुलाकडे पुण्याला गेलेल्या, म्हणून आप्पा आमच्यातच जेवायचे. आत येण्याआधी ते दोनदा खाकरत. पहिल्या खाकरण्याला आत्याबाईंचा पदर कपाळावर यायचा आणि दुसऱ्याला स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा गप्प व्हायची. तीस वर्षांत आत्याबाई थोरल्या दिराशी समोरासमोर एक वाक्य बोलल्या नव्हत्या. काही सांगायचं असलं तर भिंतीकडे बघून माझ्या नवऱ्याला, कल्याणला सांगायच्या. आप्पा शेजारीच बसलेले असले तरी.

"आई पहिल्यापासून अशीच हाय," कल्याण मला म्हणाला. "तिला बोलायला आवडतच न्हाई."

वर्गात साठ पोरं असतात आणि शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचतो. पण महिनाभरात घरात माझाही आवाज खाली गेला. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप गेला. फोनवर आई म्हणाली, "घसा बसलाय का गं तुझा? काढा घे." मी दोन दिवस काढासुद्धा घेतला.

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस आत्याबाईंचा डबा घरीच राहिला. कल्याण बाहेरगावी गेलेला, म्हणून तो घेऊन मीच शेताकडे निघाले. गावातल्या बारा बायांची सावड होती. आज हिच्या रानात, उद्या तिच्या, असं करत सगळ्यांनी मिळून सगळ्यांचा कापूस वेचायचा. त्या दिवशी पाळी उषाबाईंच्या रानाची होती. मी बांधावर पोचले तर कापसाच्या ओळींमधून एका पुरुषाचा जाड आवाज येत होता.

"कल्याण, आज चहात साखर हाय का साखरेत चहा?"

हुबेहूब आप्पा! मी दचकले. आप्पा इथे कसे? पुढे जाऊन बघते तर आत्याबाई. पोटाशी कापसाची ओटी बांधलेली, पदर खोचलेला, आणि रिकाम्या बशीवर तीन फुंकरा मारून त्या हवेतला चहा पीत होत्या. मग त्यांनी हवेतल्याच पेपरची चार वेळा घडी घातली आणि मांडीखाली दाबली. बाया हसून हसून वाकल्या होत्या.

मला बघून त्या जराही थबकल्या नाहीत. "ये गं मास्तरीनबाई! पाव्हण्यावानी उभी काय राह्यली? ही पात धर."

पात म्हणजे एकीनं वेचायची ओळ. मी धरली. दुपारपर्यंत मी वेगळ्याच बाईबरोबर काम केलं. कोण कुठल्या पातीला, पाणी कधी प्यायचं, उद्या कोणाचं रान, सगळं आत्याबाई ठरवत होत्या. दोघींची कशावरून तरी जुंपली, तर त्यांनी दोघींना शेजारशेजारच्या पाती दिल्या आणि म्हणाल्या, "आता भांडा खुशाल, फक्त हात चालू ठेवा." पाच मिनिटांत दोघी एकमेकींना सुपारीचं खांड देत होत्या. ट्रॅक्टरवाल्या सर्जेरावांचा फोन आला की उद्या जमणार नाही. आत्याबाईंनी उषाबाईंच्या हातातून फोन घेतला. "बिलकुल चालणार न्हाई, सर्जेराव. तुमी कबूल केल्तं. सकाळी सातला बराबर या." सर्जेराव बहुतेक हो म्हणाले असावेत, कारण फोन लगेच बंद झाला.

संध्याकाळी आम्ही घरी निघालो. रस्ताभर त्या बोलत होत्या. गल्लीच्या वळणावर पदर डोक्यावर आला, पाऊल बारीक झालं आणि बोलता बोलता आवाज असा विरला की जणू कोणी रेडिओ कमी केला.

"आत्याबाई, हे काय?" मी विचारलं.

"घरी तसं चालत न्हाई," त्या कुजबुजल्या.

"कोण म्हणतं?"

त्या थांबल्या. "कोणीच म्हणलं न्हाई," म्हणाल्या. "मी लग्न होऊन आल्ते तवा सासरे होते. त्यांना घरात बायांचा आवाज खपत नसे. मंग सवय लागली."

"ते जाऊन किती वर्षं झाली?"

"अठरा."

"मग?"

"मंग काय? बोला म्हणून तरी कोण म्हणलं?"

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली. एका सकाळी आप्पांना राजूरला जायचं होतं, म्हणून आम्ही एकाच जीपमध्ये बसलो. ओसरीवरचे ते गंभीर आप्पा ड्रायव्हर बबलूशेजारी बसले आणि गाडी हलताच सुटले. बबलूच्या सासरवाडीवरून त्याची टिंगल केली, हरवलेल्या म्हशीचा एक किस्सा असा रंगवून सांगितला की मागच्या सीटवरची अनोळखी माणसंही हसायला लागली. राजूरला उतरल्यावर मी धीर करून विचारलं, "आप्पा, तुम्ही घरी असं का बोलत नाही?"

आप्पा एकदम गंभीर झाले. "घरात बायामाणसं असतात, बाई. त्यांना माझ्यासमोर अवघड होतं. कल्याणच्या आईला तर बोलणंच आवडत न्हाई. म्हणून तर मी आत येताना खाकरतो, त्यांना कळावं की मी आलोय. त्यांचा मान राखायला नको?"

म्हणजे आत्याबाई आप्पांसाठी गप्प, आप्पा आत्याबाईंसाठी गप्प, आणि त्या दोघांना बघून आम्ही बाकीचे गप्प. ज्यांना ही शांतता हवी होती ते आत्याबाईंचे सासरे अठरा वर्षांपूर्वीच गेले होते. मला वाटलं, आता काय, एकदा सगळ्यांना सांगून टाकलं की झालं.

त्या रात्री जेवताना मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "आप्पा, तो म्हशीचा किस्सा आत्याबाईंना सांगा ना!"

आप्पांना ठसका लागला. आत्याबाईंनी पाठ फिरवून तव्यावर नसलेली भाकरी उलटली. सासरे ताटातली डाळ निरखू लागले. शेवटी आप्पा भिंतीला म्हणाले, "भाकरी चांगली झाली." झोपताना कल्याणनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "तुला बरं वाटून राह्यलं ना?"

चूक माझीच होती. सांगून काही होत नव्हतं. प्रत्येकजण ज्या जागी बसला होता, ती जागाच त्याला गप्प करत होती.

नोव्हेंबरच्या शेवटी मोबाइलवर अवकाळी पावसाचा इशारा आला. आमच्या तीन एकरांत कापूस फुटून पांढराशुभ्र झाला होता. पाळी आमचीच होती, पण सावडीतल्या पाचजणी एका लग्नाला गेलेल्या. दोन दिवसांत सगळं वेचायला हात कमी पडत होते. रविवारी सकाळी कल्याण, सासरे, मी, सगळेच निघालो. आप्पा ओसरीवरून उठले. "मी बी येतो," म्हणाले.

ते रानात पाऊल टाकताच बाया चिडीचूप झाल्या. आत्याबाईंचा हात पदराकडे गेला. आत्ता इथेही घरासारखंच होणार, असं मला वाटलं. पण पश्चिमेला आभाळ काळं होत होतं आणि सगळ्या बाया आत्याबाईंकडे बघत होत्या. पाती वाटून दिल्याशिवाय कोणाचे हात चालणार नव्हते. आत्याबाईंनी आभाळ बघितलं, पदर वर ओढायच्या ऐवजी कमरेला खोचला आणि पाती वाटल्या. शेवटची पात त्यांनी हवेत बोट दाखवून आप्पांना दिली.

आप्पांनी आयुष्यभर शेती केली, पण वेचणी बायांचं काम म्हणून कधी केली नव्हती. ते बोंडाबरोबर वाळकी पानंही ओढत होते आणि अर्धा कापूस झाडावरच ठेवत होते. आत्याबाईंनी थोडा वेळ सोसलं. मग तुरीच्या ओळीकडे तोंड करून म्हणाल्या, "कुणीतरी पाचोळा वेचून राह्यलंय वाटतं."



"कुणीतरी म्हंजे मीच," आप्पा म्हणाले. मग एकदम वळून, "कसं वेचायचं ते सांगा ना मंग!"

 आत्याबाई सरळ त्यांच्या पातीत शिरल्या. "असं न्हाई, आप्पा. तीन बोटं. बोंड दाबायचं न्हाई, नुसता कापूस उचलायचा. हां. आता जल्दी करा, आभाळ आलंय."

तीस वर्षांतलं पहिलं बोलणं हे असं झालं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, वेळच नव्हता. दुपारी भाकरी खाताना मात्र उषाबाईंना राहवलं नाही. "आप्पा, आज पेपर न्हाई वाचायचा का?" म्हणाल्या आणि सगळ्या बाया फुटल्या. आप्पांना काही कळेना. त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कोणीतरी सांगून टाकलं.

"माझी नक्कल? करा बरं. मला बघू द्या."

आत्याबाई नको नको म्हणत होत्या. मग त्यांनी डब्याचं झाकण बशीसारखं धरलं आणि तीन फुंकरा मारल्या. पेपरच्या घडीपर्यंत येईतो आप्पा कापसाच्या ढिगावर आडवे झाले होते, डोळ्यांतून पाणी. "मी असा पितो? संपत, मी असा पितो का रे?" त्यांनी माझ्या सासऱ्यांना विचारलं. सासरे म्हणाले, "बराबर असाच." आणि तेही हसायला लागले. त्यांचा हसण्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला तोवर सगळा कापूस घरात पोचला होता. पण संध्याकाळी घरी पाहावं तर पुन्हा तेच! उंबरा ओलांडताच पदर कपाळावर, आप्पांचं खाकरणं दोनदा. मला रडू यायचं बाकी होतं.

मग लक्षात आलं की आप्पांना बसायला जागाच नाही. कापूस ओसरीवर छतापर्यंत रचलेला, पुढच्या खोलीतही. खुर्ची कुठेतरी त्याच्या मागे गाडली गेलेली. आप्पा थोडा वेळ दारात उभे राहिले, मग स्वयंपाकघरात येऊन चुलीपाशी पाटावर टेकले. आता ते मधेच, आत्याबाईंपासून हातभर अंतरावर. तिथे बसून खाकरणार तरी कोणासाठी? आत्याबाईंनी त्यांच्यापुढे लसणाचे गड्डे ठेवले. "बसलाच हायत तर सोला."

भाव चढेपर्यंत कापूस दोन महिने घरात होता. दोन महिने आमचं घर म्हणजे ते एक स्वयंपाकघर. आप्पा लसूण सोलत, शेंगा फोडत आणि म्हशीचा किस्सा तिसऱ्यांदा सांगत. आत्याबाई त्यांच्या चुका काढत. "मागल्या टायमाला म्हैस काळी होती, आज भुरी कशी झाली?" सासरे आणि कल्याण हसत आणि मी वर्गात बोलते तसं बोलायला लागले. एकदा शेजारीण विचारायला आली, भांडण चाललंय का म्हणून.

जानेवारीत कापूस गेला, ओसरी मोकळी झाली. आप्पा आता पेपर स्वयंपाकघराच्या दारात बसून मोठ्यानं वाचतात. आत्याबाई मधूनच म्हणतात, "ते मरू द्या, पुढली बातमी सांगा."

सगळंच बदललं असंही नाही. या मे महिन्यात मी आत्याबाईंना माहेरी जालन्याला घेऊन गेले. सोफ्यावर बसल्या, समोर माझे वडील, हातात शरबताचा ग्लास. झालं. पुन्हा 'हो' आणि 'न्हाई'. आईनं मला हळूच विचारलं, त्यांना करमत नाही का. मी म्हटलं, थांब जरा.

गच्चीवर बिल्डिंगमधल्या बायांच्या कुरडया चालल्या होत्या. चीक पातळ झाला होता, साच्यावरून वाद पेटला होता. मी आत्याबाईंना वर नेलं आणि काही न बोलता बाजूला उभी राहिले. दहा मिनिटं त्या नुसत्या बघत होत्या. मग पदर खोचला. अर्ध्या तासात दोघी चिकाला, दोघी साच्याला, एक प्लास्टिकचा कागद ताणायला. तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या आकांक्षाताई कावळे हाकत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. आप्पा होते. हळद कुठे ठेवली, विचारत होते. आत्याबाईंनी फोन कानापासून लांब धरला, कारण आप्पाही ओरडूनच बोलत होते.

"फडताळात, वरच्या खणात!" आत्याबाई भर गच्चीवर म्हणाल्या. "आन खिचडीत मीठ एकदाच टाका. मागल्या टायमाला तुमी दोघा भावांनी दोनदा टाकल्तं!"