दगडाखालची पेटकांडी

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये वीस वर्षं काढली. काही बिघडलं की कारण असतंच, फक्त आपल्याला अजून दिसलेलं नसतं, असं मी ज्युनिअर पोरांना ऐकवत असते. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचतानासुद्धा मी मनातल्या मनात फाटे फोडत असते. त्यामुळे हे लिहायला सहा महिने लागले... शेवटी शेखर — माझा नवरा — म्हणाला, "लिही. लोक फाटे फोडतील तेव्हा कसं वाटतं ते तरी कळेल तुला."

आम्ही हैदराबादचेच. माझं बालपण नल्लकुंट्यात गेलं. बाबा शाळेत सायन्सचे मास्तर आणि वर स्काउटचे सर. दर हिवाळ्यात आईला आणि मला घेऊन ते विकाराबादच्या बाजूला रानात मुक्कामाला जायचे. तेव्हा त्याला कॅम्पिंग वगैरे कुणी म्हणत नसे. शेजारच्या बाई आईला विचारायच्या, "मास्तरांना चांगलं घर आहे, मग दगडांत कशाला झोपता हो?"

तयारी आठ दिवस आधी सुरू व्हायची, ती पेटकांड्यांपासून. हा शब्द बाबांचाच. तपासून झालेल्या चाचणीच्या पेपरची पुंगळी करायची, त्यात चिक्कडपल्लीच्या सुताराकडून आणलेला भुसा ठासायचा, लाइट गेल्यावर जळून उरलेल्या मेणबत्त्यांचं मेण वितळवून वर ओतायचं आणि तोंडाशी एक वात खोचायची. वात मात्र जळकीच हवी. निरांजनातल्या उरलेल्या वाती आई केरात टाकू देत नसे, तुळशीत ठेवायची. बाबा त्या तिथून उचलून आणायचे. म्हणायचे, "कोरी वात मेण पिऊन बसून राहते. एकदा जळलेली वात काडी दिसली की धावते." शेवटी आईच्या जुन्या साडीची बोटभर चिंधी गुंडाळून गाठ मारली की झाली पेटकांडी.

जुन्या साडीची — हे आईला दरवेळी बजावून सांगावं लागे. कारण बाबांना नवी-जुनी साडी ओळखता येत नसे. एकदा त्यांनी तिची घडीही न मोडलेली साडी फाडली होती. आईने आठ दिवस अबोला धरला. बाबा बिचारे आठ दिवस भिंतीला विचारायचे, "आज भाजी काय आहे?"

आणि त्यांची एक सवय होती. मुक्काम हलवताना एक पेटकांडी प्लास्टिकमध्ये बांधून चुलीजवळच्या चपट्या दगडाखाली ठेवायची. आपल्यामागून येणाऱ्यासाठी. मला तो वेडेपणा वाटायचा. एकदा मी चिडून विचारलं होतं, "आपल्यासाठी कधी कुणी ठेवलीय का?"

"ठेवेल की," बाबा म्हणाले होते. "घाई काय आहे?"

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर आई आमच्याकडे राहायला आली आणि हळूहळू तिने उंबरा ओलांडणंच सोडलं. लग्नाला नाही, देवळात नाही, खालच्या बागेतही नाही. "कुठं जायचंय मला आता?" एवढंच बोलायची. पंचाहत्तरीला मी तिच्यासाठी मोरपंखी रंगाची, बारीक मरून काठाची पोचमपल्ली साडी आणली. छान आहे म्हणाली आणि खोक्यासकट कपाटात ठेवून दिली. किल्ली तिच्याच बटव्यात असते. मला त्या खोक्याकडे बघितलं की रडू यायचं. माझी आई माझ्यासमोर बसल्या जागी विझत चालली होती आणि मला काहीही करता येत नव्हतं.

मागच्या डिसेंबरात शेखरच्या मित्राने विकाराबादच्या पुढे शेत घेतलं. मी हट्टालाच पेटले — आई, एक मुक्काम करू. चार दिवस ती नाहीच म्हणाली. मग म्हणाली, "गॅसवरचाच चहा प्यायचा असेल तर घर काय वाईट आहे? चुलीवर करशील तर येते. पण नाही पेटली, तर पुन्हा मला कुठं चल म्हणायचं नाही. हौ म्हण."

मी हौ म्हटलं. आई असलं काही गमतीत बोलत नाही.

बारा पेटकांड्या केल्या. सगळं बाबांसारखं, एक सोडून. आमच्या देवघरात लाइटची समई आहे. त्यामुळे घरात एकही जळकी वात नव्हती. मी आपलं फुलवातींचं पाकीट आणलं आणि त्या मेणात मस्त बुडवून काढल्या. दिसायला इतक्या सुंदर झाल्या होत्या की मी फोटोही काढले.

शेतावर पोचलो तेव्हा कळलं की आदल्या दिवशी तिथे अवकाळी पाऊस झाला होता. संध्याकाळचे पाच वाजले होते, वाराही होता. आई खुर्चीत शाल घेऊन बसली. मी तीन दगडांची चूल मांडली, किटली तयार ठेवली आणि पहिली पेटकांडी लावली. मेण वितळलं, वात काळी पडली, विझली. दुसरी तशीच. बाराव्या कांडीपर्यंत बोटं भाजली, पण चूल काही पेटली नाही.

शेताचा राखणदार यादगिरी बाजूला उभा होता. म्हणाला, "अम्मा, लकडी पूरी गीली है. नक्को परेशान हो, मैं गॅस लाके देतुं."

आई उठली. रागावलीसुद्धा नाही, हेच वाईट होतं. "चला," म्हणाली, "झालं बघून."

शेहेचाळीस वर्षांची बाई मी, पण मला रडू फुटलं. तिला दिसू नये म्हणून तिकडे पाठ करून खाली बसले. समोर एक चपटा दगड होता. का कोण जाणे, लहानपणची सवय असेल — मी तो उचलला.

खाली प्लास्टिकमध्ये बांधलेली पेटकांडी होती.

रेघी कागद, त्यावर लाल पेन्सिलीची अर्धी खूण. तोंडाशी जळकी वात. चिंधीची गाठ बाबांची, दोन वेढ्यांची. आणि सगळं कोरडं ठणठणीत. मी यादगिरीला विचारलं, इथं आधी कोण राहून गेलं? "कोई नहीं अम्मा. पिछले महीने तक मैंइच बकरियां चराता था इधर."

आईने ती हातात घेतली. चिंधीवरून अंगठा फिरवला. मग गाठ सोडली, चिंधी मुठीत धरली आणि कांडी मला परत दिली.

"पेटव."

"आई, अगं ही ठेवू या. ही जर खरंच —"

"ठेवायला दिलेली नाहीये ती. पेटव म्हणते ना!"

पहिल्या काडीत पेटली. ओली लाकडं चरचरली, धूर झाला, आणि मग चूल जी पेटली ती किटली उकळेपर्यंत हलली नाही. आईने दोन कप चहा घेतला. त्या संध्याकाळी ती चार वर्षांचं साठलेलं सगळं बोलली.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर आईने मला खोलीत बोलावलं. कपाट उघडं होतं, पोचमपल्लीचं खोकं पलंगावर. "उघड," म्हणाली. मी घडी मोडली. आतल्या टोकाला बोटभर पट्टी नव्हती. आईने मूठ उघडून चिंधी तिथे लावली. मोरपंखी रंग, बारीक मरून काठ... धाग्याला धागा जुळला.

ही साडी मी बाबा गेल्यानंतर दोन वर्षांनी घेतली होती.

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता हिला सावरावं लागणार. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज तोच, नल्लकुंट्याचा होता.

"नवी साडी फाडली! जन्मभर सांगितलं, जुनी घ्या, जुनी घ्या... मेल्यावरसुद्धा अक्कल आली नाही या माणसाला!"

शेखरने फाटे फोडून बघितले. दुकानातूनच तशी आली असेल, म्हणाला. असेल. मग ती चिंधी विकाराबादच्या दगडाखाली कशी गेली? आईनेच आधी नेली असेल? तिला त्या शेताचं नावही माहीत नव्हतं, आणि गुडघे तिला एकटीला जिना उतरू देत नाहीत. सगळ्या शक्यता तपासणं हा माझा धंदा आहे. हे एक मात्र मी तपासायचं सोडून दिलं.

लाइटची समई काढली. आई निरांजन लावते आणि जळक्या वाती डबीत जमवते. फेब्रुवारीत पुन्हा गेलो, तेव्हा तिने तीच साडी नेसली होती. निघताना मी एक पेटकांडी दगडाखाली ठेवली. आई बाजूला उभी राहून बघत होती.

"चिंधी जुनीच बांधलीस ना?" तिने विचारलं.