आत्यानं काढलेलं कुलूप

माझी आत्या कुलपं दुरुस्त करते, किल्ल्या बनवते. झेरॉक्सवाला आणि चपला शिवणारा यांच्या मधे एक फळी टाकण्यापुरती जागा आहे, तिथे ती बावीस वर्षं बसते. बाई आणि कुलपं, म्हणून आधी लोक हसायचे. मग स्वतःच्याच घराबाहेर अडकले की टॉवेलवर तिच्याकडे धावत यायचे. तेव्हा आत्या हसायची नाही. घरी येऊन हसायची.

मी तिच्या भावाची मुलगी. नववीत शाळा सोडली, बापानं घर सोडायला लावलं, तेव्हापासून हिच्याकडे. बस, माझं एवढंच. बाकीचं तिचं.

गेल्या वर्षी तिला बालगृहातून बोलावणं आलं. आठ वर्षांची एक मुलगी बाथरूमला आतून कडी लावून बसली होती, दोन तास झाले तरी बाहेर येईना. शिपाई म्हणाला, "बाई, तोडा दार."

"तोडायला मी कशाला? कुऱ्हाडवाला बोलवा," आत्या म्हणाली आणि दाराशी खाली बसली. "आतली कडी कसली आहे गं? उभी की आडवी?"

आतून आवाज आला, "तुम्हाला कशाला पाहिजे?"

"माझा धंदाच आहे तो. इथून दिसत नाही ना."

"आडवी. दोन स्क्रू आहेत. एक ढिला आहे."

"मग त्याला हात लावू नकोस. आत अडकलीस तर मला खरंच दार तोडावं लागेल, अब्रू जाईल माझी."

अर्धा तास स्क्रूवर चर्चा चालली. मग पोरीनं स्वतःच कडी काढली आणि बाहेर येऊन विचारलं काय, तर "तुम्ही कोणाच्याही घरात घुसू शकता?"

"शकते. पण बोलावल्याशिवाय जात नाही."

त्या संध्याकाळी आत्यानं चपलासुद्धा काढल्या नाहीत, दारातच उभी राहून मला सांगत होती. "पोरगी नाही गं, वकील आहे. उलटतपासणी घेतली माझी." तेव्हापासून तिचं नाव आमच्याकडे वकील.

वकिलाची आई मोठ्या दुखण्यानं दवाखान्यात होती, अजून वर्षभर तरी सुटणार नव्हती. दुसरं कोणी नाही. संस्थेनं आधी दोन घरांत ठेवून बघितलं, दोघांनी परत आणून सोडलं. एक म्हणे कपाटं उचकते, दुसरे म्हणे उलट बोलते. मला तर दोन्ही गुणच वाटले.

आत्यानं संस्थेत अर्ज भरला. दत्तक नव्हे, सांभाळायला. आई बरी झाली की मूल परत. हे माझ्या बापाच्या कानावर गेलं आणि तो उगवलाच.

"दुसऱ्याचं लेकरू! उद्या आई येईल, घेऊन जाईल. तुझ्या हाती काय राहणार? धुपाटणं!"

"किल्ली बनवली की गिऱ्हाईकाला देतेच ना मी? की उराशी धरून बसते?" आत्या कानस चालवत म्हणाली. "आणि तू पण एक दिलंस की मला. ते कुठे परत मागितलंस?"

बाप चहा अर्धा टाकून गेला. मी तो पिऊन टाकला.

सहा शनिवार फळी बंद ठेवून आत्या प्रशिक्षणाला जाऊन बसली. डॉक्टरचा दाखला झाला, पोलिसांचा झाला. राहिली घराची तपासणी. आतली खोली वकिलाला द्यायची, आम्ही दोघी बाहेर, असं ठरलं. त्या खोलीच्या दाराला आत्यानं आतून असं कुलूप बसवलं की तिच्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात भारी काम. बाहेरून कोणाच्या बापाला उघडणार नाही. तिला स्वतःलाही नाही.

"दोन घरं फिरलेलं पोर," ती म्हणाली. "एक तरी दार तिच्या हातात असू दे."

संस्थेच्या मॅडम आल्या. खिडक्यांचे गज मोजले, गॅस बघितला, औषधांच्या कपाटाला कुलूप बघून खूश झाल्या. मग आतल्या खोलीपाशी आल्या.

"हे बाहेरून कसं उघडतं?"

"उघडतच नाही!" आत्या छाती फुगवून म्हणाली.

मॅडमचं पेन थांबलं. "मुलीला आत काही झालं तर? बाथरूममध्ये कोंडून घेतलं तेव्हा तुम्हीच गेला होतात ना?"

आत्याचं तोंड एवढंसं झालं. बावीस वर्षं लोकांची दारं उघडणारी बाई, आणि तिनं न उघडणारं कुलूप नेमकं त्याच पोरीच्या दाराला ठोकलं होतं.

मग घरात राहणारी म्हणून मला एकटीला प्रश्न. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"आत्या रागावतात?"

"रोज."

"कधी काही फेकून मारलंय?"

"एकदा कानस." पेन सुसाट सुटलं. "अहो, मला नाही! उंदराला! आणि लागली नाही."

"तुम्ही इथे आलात तेव्हा काय नियम होते?"

"नियम कसले? घराची किल्ली दिली हातात. मी चार हरवल्या. पहिली हरवली तेव्हा दोन दिवस सांगितलंच नाही, ती येईपर्यंत जिन्यात बसून राहायचे. कळल्यावर तिनं तोंडभर शिव्या दिल्या आणि शिव्या देता देता नवी कापली. चौथी हरवली तेव्हा तर नवी आधीच कापून ठेवली होती."

मॅडमनं सगळं लिहून घेतलं. मला वाटलं, बुडवलं मी. घराच्या चार किल्ल्या रस्त्यावर, अशा घरात पोर कोण देईल?

आत्यानं त्याच दिवशी कुलूप काढलं. दाराला लिंबाएवढं भोक राहिलं.

"पट्टी ठोकू का?" मी विचारलं.

"थांब. तिला विचारू."

"ती येणार हे तरी कुठे ठरलंय?"

आत्या बिजागरीला तेल घालत बसली. तीन आठवडे त्या बिजागरीनं जेवढं तेल प्यायलं, तेवढं आमच्या भाजीत पडलं नाही.

मॅडम पुन्हा आल्या, भोकात बोट घालून बघितलं आणि म्हणाल्या, "एक महिना ठेवून बघू." जिन्यात मला हळूच म्हणाल्या, "चौथ्या वेळी नवी किल्ली आधीच कापून ठेवली होती, ते मी आमच्या साहेबांना वाचून दाखवलं."

वकील एक पिशवी घेऊन आली. पहिला डोळा भोकाला.

"हे काय?"

"कुलूप होतं. माझं चुकलं, काढलं."

"मग कोणी आत आलं तर?"

"आधी टकटक करेल."

"नाही केली तर?"

"मला सांग. मी बघते त्याच्याकडे."

आत्यानं तिला घराची किल्ली दिली. अकराव्या दिवशी मी कामावरून आले तर वकील जिन्यात बसलेली, मांडीवर दप्तर.

"हरवली," ती म्हणाली. "मॅडमना सांगून टाका. माझी पिशवी भरलेलीच आहे."

अकरा दिवस तिनं पिशवीतलं काही कपाटात ठेवलंच नव्हतं. मी हात धरून तिला थेट फळीवर नेलं.

आत्यानं ऐकलं आणि सुरू झाली, "किल्ली आहे की शेंगदाणा? खिशाला बूड आहे की नाही?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तरी बरी गं ही. तू नवव्या दिवशीच घालवली होतीस." डब्यातून कापून ठेवलेली किल्ली काढली, कानस वकिलाच्या हातात दिली. "कडा घास. नीट धर, नाहीतर बोट जाईल."

"ही पण हरवली तर?"

"तर तिसरी पण तूच घासशील. मी काय जन्मभर पुरणार आहे?"

वकिलानं जीभ बाहेर काढून किल्ली घासली. घरी पहिल्यांदा फिरली नाही. पुन्हा घासली, मग फिरली. दार तिनं उघडलं, आम्ही तिच्या मागून आत.

जेवणाआधी ती खोलीत गेली, दार लोटलं. आतून कपाट उघडल्याचा आवाज, मग पिशवीची चेन. मग दाराच्या भोकातून एक पायमोजा आला आणि भोक बंद झालं.

आत्या त्या मोज्याकडे बघत उभी राहिली. मग बोटानं दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

"काय काम आहे?"

"जेवायला बोलवायला आलेय."

आत जरा विचार झाला.

"या."

आत्या गेली. मी बाहेरच थांबले, मला कोणी बोलावलं नव्हतं.