मोठ्या मापाची फ्रेम

मुकी वस्तू जगात नसतेच, तिला नीट विचारणारा भेटत नाही इतकंच, हे मला अमरावतीतल्या माझ्या घरमालकांनी पटवलं. मी त्यांना काकाजी म्हणत असे. बडनेऱ्याला रेल्वेत त्यांचं सारं आयुष्य एकाच कामात गेलं होतं. उभ्या गाडीच्या चाकांवर हातोडी मारत चालायचं आणि आवाज ऐकायचा. 'टण्' आला तर चाक धड, 'ठप्प' आला तर आत कुठेतरी तडा. निवृत्तीच्या दिवशी रेल्वेने हातोडी परत घेतली, पण कान परत घ्यायचे राहून गेले. मग काकाजींनी वीतभर लांबीची एक हातोडी स्वतः घडवली आणि ती शर्टाच्या खिशात ठेवून ते सगळ्या गावाला वाजवत फिरू लागले. ते दुरून दिसले की नारळवाला चांगले नारळ मागे सरकवायचा. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायचं तर आधी माठाला टिचकी, बसायचं तर आधी खुर्चीला. पुतणीच्या लग्नात त्यांनी मांडवाचा एक खांब वाजवला आणि वऱ्हाडी मंडळींना ताटं घेऊन दुसऱ्या बाजूला बसवलं. व्याही चिडले, आचारी चिडला. पंगत उठली आणि तो खांब, वारा नसताना, त्या रिकाम्या बाजूवर अगदी शांतपणे आडवा झाला. त्यानंतर लोक काकाजींना हसत, पण जरा लांब उभं राहून.

मी बाळापूरकडचा, भाजीवाल्या माळ्याचा मुलगा. आमच्या घरात कॉलेजची पायरी माझ्याआधी कोणी चढलं नव्हतं. काकाजींनी मला खोली दिली ती माझी पत्र्याची पेटी वाजवून. "पेटी रिकामी हाय, पण धड हाय. राह्य इथंच," म्हणाले. तीन वर्षं काकूंनी मला दोन वेळ जेवू घातलं. शेवटच्या परीक्षेच्या सकाळी मी त्यांच्यासमोर कपाळ पुढे केलं. "काकाजी, वाजवून सांगा ना, मी पास होईन का?" त्यांनी हातोडी पाठीमागे लपवली. इतकं गंभीर मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "माणसाले वाजवू नाई, बापू. वाजवलं तं जे निघन ते ऐका लागते." मी पास झालो. अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागलो. तरी दर रविवारी मी त्यांच्याकडे जात असे.

त्यांची सायकल मात्र त्यांच्या वयाला मुळीच शोभणारी नव्हती. पुतण्या परदेशी जाताना ठेवून गेलेली, डोंगरात चालवायची, पुढेमागे शॉकर असलेली. पोहऱ्याच्या टेकडीत मोळीवाल्या बायांच्या वाटेवर काकाजींनी एक रांजण ठेवला होता. एका वैशाखात तिथे एक बाई उन्हाने पडली होती, तेव्हापासून. पाठीवरच्या पिशवीत पाण्याचे कॅन घेऊन ते रोज सकाळी दोन खेपा करत. वाट सगळी गोट्यांची. साध्या सायकलीवर त्यांच्या कमरेचं भजं व्हायचं, आणि पाणी उचलून चालायला गुडघे तयार नव्हते. म्हणून ती शॉकरची सायकल. तिच्यावर ते छकड्यात बसल्यासारखे डुलत जात.

एका रविवारी पाहतो तर सायकल अंगणात उलटी आणि काकाजी तिच्याशेजारी सुतकात बसल्यासारखे. "फ्रेम गेली," म्हणाले. मी इंच इंच पाहिलं, काहीच नव्हतं. दुकानदाराने पाहिलं आणि तो हसला. काकू म्हणाल्या, "मी सतरा हाका मारल्या तं याइले ऐकू येत नाई, सायकलीचं कण्हणं बरं ऐकू येते!" पण दुसऱ्या रविवारी मी शाळेच्या सवयीने मागच्या बिजागरीशी शाई लावली आणि फडक्याने पुसली. सगळी शाई निघाली. एक रेघ राहिली, केसाएवढी. तडाच होता. काकाजींनी तिकडे पाहिलंही नाही.

वेल्डिंग करू, असं मी म्हणून पाहिलं. "जोडलेलं हाड निदान पाऊस येनार ते सांगते. हे काही सांगनार नाई, डायरेक्ट पाडन." म्हणजे दुसरी फ्रेम शोधणं आलं, आणि तेही लगेच. उन्हाळा महिन्यावर आला होता. फ्रेम मिळाली नाही तर रांजण कोरडा राहणार होता. मी आलेखाच्या कागदावर सगळी मापं घेतली. चाकं, पुढचा फोर्क, गिअर जुनेच बसवायचे, म्हणून फोर्क बसतो त्या तोंडाचं माप, मागच्या शॉकरची लांबी, मागच्या एक्सलची रुंदी. काकाजींची उंची बेताचीच, तेव्हा फ्रेम लहान मापाची. हे मी लाल शाईने लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं.

अकोल्यातल्या एका दुकानात पाच फ्रेमी तारेने छताला टांगल्या होत्या. पंखा बंद होता, तरी त्या किंचित हलत होत्या. काकाजी आत गेले तेव्हा थांबल्या. निदान मला तसं वाटलं. त्यांनी हातोडी काढताच दुकानदार ओरडला, "अहो काकाजी, काय करून राहिले तुमी? रंग उडन ना!"

"पोरगी पाह्याले गेलं तं बी चार गोष्टी विचारतेत. फ्रेमीले विचारू बी नाई का?"

पहिली कार्बनची होती, सगळ्यांत भारी. काकाजींनी वाजवली आणि तोंड वाकडं केलं. "भोपळा. मनातलं सांगतच नाई." दुसरीचं तोंड माझ्या कागदाशी जुळेना. तिसरी कोणाची तरी वापरलेली होती, दिसायला नव्यासारखी. तिच्यावर त्यांनी एकच टिचकी मारली आणि कान न लावताच दोन पावलं मागे आले. "हिचा मालक कुठी हाय?" दुकानदार हळूच म्हणाला, "आता नाई ना राहिला तो." काकाजींनी त्या फ्रेमीला हात जोडले.

उरल्या दोन. एकाच जातीच्या, एक लहान, एक मोठी. लहान वाजली, टण्. मोठी वाजली, तसाच टण्. मापं सगळी जुळत होती. मी खुशीत कागद घडी करत होतो, म्हणून त्यांना वाटलं असावं की माझं लक्ष नाही. त्यांनी हातोडी उलटी धरली आणि दांड्याने स्वतःच्या छातीच्या फासळीवर एकदा हलकेच वाजवलं. मान तिरकी करून ऐकलं, चाकांचं ऐकत असतील तसंच. मग हातोडी खिशात ठेवली.

"मोठी दे," ते म्हणाले.

"काकाजी, लहान! मोठीवर तुमचे पाय टेकणार नाहीत."

"टेकतीन गा. कोनाचे तरी टेकतीन."

त्यांनी माझ्या लांब पायांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच नजर चुकवली.

उन्हाळाभर मी सुटीत त्यांच्याकडेच राहिलो. सायकल रोज मलाच चालवायला लावत. "नवी हाय, तू रुळव," म्हणत, आणि रिकाम्या हाताने अर्ध्या वाटेपर्यंत मागून चालत येत. कुठे ब्रेक धरायचा, कुठे नाही, ते ओरडून सांगत. त्या उन्हाळ्यात रांजण एकदाही कोरडा पडला नाही. पहिल्या पेरण्या उरकल्या आणि काकाजी झोपेतच गेले. काकूंनी ती हातोडी माझ्या हातात दिली. "तुह्यासाठीच ठेवून गेले. पन स्वतःले वाजवू नको म्हने."

मी बदली मागून घेतली. आता पुन्हा त्याच खोलीत राहतो आणि शाळेआधी दोन खेपा करतो. माझे पाय बरोबर टेकतात. टेकडीच्या अर्ध्या वाटेवर, जिथून ते मागे फिरत, तिथे फ्रेमीतून एकच बारीक 'टण्' येतो. मिस्त्रीने सगळे नट तपासले, शॉकर उघडून पाहिला, मी शाई लावून पाहिली. काही नाही. आता मी शोधणं सोडलं आहे. तिथे पोचलो की क्षणभर थांबतो, पाठीवरचं पाणी स्थिर होऊ देतो, आणि मागे न बघता म्हणतो, "धड हाय, काकाजी."