भागुबाईच्या हातावरचा चट्टा

पणदऱ्याच्या भागुबाईनं अठरा दिवस नातीला जवळ घेतलं नव्हतं. डाव्या कोपराखाली फिकट चट्टा उमटला होता, आणि महारोगाची तपासणी करणारी माणसं नुकतीच गावात सांगून गेली होती, "अंगावर फिकट चट्टा दिसला तर लपवू नका." बाईनं ऐकलं सगळं, केलं नेमकं उलटं. ताटली वेगळी, तांब्या वेगळा, आणि चार वर्षांची तेजश्री धावत आली की, "लांब हो गं!" सून करुणा बुचकळ्यात पडली होती.

एरवी बाई भलती धीट. शहाण्णव सालचा वैशाख नुसता भाजत होता. उसाच्या खुरपणीला बाकीच्या बाया डोकीला फडकं गुंडाळायच्या, ही म्हणायची, "ऊन काय खातंय व्हय मला?" लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा तेवढा घालायची, तोही उसाचं पातं कापतं म्हणून.

आतून मात्र पार खचली होती. लहानपणी जातीपायी लोक शिवून घेत नव्हते, ते तिनं गिळलं होतं. आता पोटच्या लेकाच्या पोरीला आपणच शिवायचं न्हाय, हे काही केल्या गिळवेना. एकोणिसाव्या दिवशी खुरपं टाकलं आणि सदऱ्यासकट तडक सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टर मालतीबाईंनी बाही वर सारली, डोळे मिटायला सांगितले आणि चट्ट्यावरून कापूस फिरवला.

"काही कळतंय का, मावशी?"

"गुदगुल्या हुत्यात की!"

"मग बधिर नाही. महारोगाचा चट्टा बधिर असतो. आणि रोग कधी असा चौकोनी येतो का हो?"

त्यांनी बाही पुन्हा खाली ओढली. धुऊन धुऊन बाहीची जाळी झाली होती. कोपराखाली तेवढं जाड खाकी ठिगळ, भागुबाईनंच लावलेलं. चट्टा बरोब्बर त्याच्याखाली! विरलेल्या कापडातून ऊन लागून हात रापला होता, ठिगळाखालची कातडी मूळच्या रंगाची राहिली होती.

"मंजी चट्टा हाय तितंच मी धड हाय? बाकीचीच करपली?"

"अगदी तसंच. जाड, धडका सदरा घाला. डोक्याला फडकंही बांधा."

"बांधते बाई, बांधते!" म्हणत ती हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. जीव भांड्यात पडला होता.

घरी तेजश्री दारात उभी होती, पण पुढं येईना. "तू लांब हो म्हंतीस," पोरगी म्हणाली.

भागुबाई मटकन खाली बसली. "न्हाय म्हनत गं माझे बाय. ये, शीव मला."

पोरीनं आधी एकच बोट लावून बघितलं.