शामरावची ढोलक आणि देवीदासचा श्वास

हिंदी मुलखातल्या बीरगांवच्या शामराव मेश्रामला माणसं दोन गोष्टींनी ओळखतात. एक, शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये काढलेली एकतीस वर्षं. दुसरी, देवीदासच्या गाण्यामागची त्याची ढोलक. जयंतीच्या मंडपात देवीदास उभा राहिला की मागच्या रांगेतल्या बायका पोरांना दटावून गप्प करत. काय तो गळा, काय ते हात! आता देवीदास दमा घेऊन नागपूरला लेकीकडे, रीनाकडे राहतो. पेटीवाला वारला. त्याचा मुलगा लोकेश पुण्यात कंपनीत आहे. यंदाच्या जयंतीला गाण्याच्या पार्टीचं नवं गाणं काढायचं, तेही ज्यानं त्यानं आपापल्या घरी बसून, हे त्याच्याच डोक्यातून निघालं.

शामरावच्या मते हे म्हणजे आपापल्या घरी बसून कबड्डी खेळणं. तरी तो हो म्हणाला, कारण गळा देवीदासचा होता आणि तो गळा आता किती दिवस पुरेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

देवीदासचा आवाज लोकेशकडून मोबाईलवर आला, सोबत तालाची टिकटिक. ती ऐकत वाजवायचं. बायकोनं, शेवंतानं पंखा बंद केला, कुकर उतरवला. शामरावनं वाजवून पाठवलं. पुण्याहून निरोप आला, अंतऱ्याला ढोलक उशिरा शिरते. पुन्हा वाजवलं, पुन्हा उशीर. चौथ्या खेपेला लोकेश फार गोड बोलला. माणसाला कामावरून काढताना मिलमधले साहेबही असंच गोड बोलत.

"अंकल, आप टेंशन मत लो. शाम तक नहीं हुआ तो मैं कम्प्यूटर की ढोलक डाल दूँगा. किसी को समझेगा भी नहीं."

"मले तं समजन," शामराव म्हणाला.

"आप बस क्लिक पकड़ो ना, अंकल."

"मशीनच्या तालावर एकतीस वर्षं हात चालवले मी. पगारासाठी. ढोलक नाही वाजवली."

बोलायला तो ठसक्यात बोलला, पण फोन ठेवल्यावर घाबरला. हात गेले की काय? मग ढोलक बाजूला सारून त्यानं कानात इयरफोन घातले आणि नुसतं ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना उमगलं. या आवाजात देवीदास श्वासच घेत नव्हता.

अंतऱ्याआधी देवीदास नाकानं एक खोल श्वास ओढायचा. मागे बसलेल्या शामरावला तो ऐकू यायचा आणि हात आपोआप उचलला जायचा. हे कुणी शिकवलं नव्हतं. शेजारी बसून बसून ठरून गेलं होतं. लोकेशनं आवाज झाडूनपुसून साफ करताना नेमकं तेच कचऱ्यात टाकलं होतं.

शामरावनं नागपूरला फोन लावला. "देवीदास, तू श्वास घेऊन राहिला का नाही?"

"अजून तं घेऊन राहिलो. काहून, हार आणून ठेवला का?"

मूळचा, न धुतलेला आवाज रीनाच्या फोनमध्ये होता. तिनं तो लगेच पाठवला. त्यात दमा होता, घरघर होती, आणि अंतऱ्याआधी तो श्वास होता. शामरावनं त्यावर एकदाच वाजवलं आणि दोन्ही पुण्याला पाठवलं. दुसऱ्यांदा वाजवायची गरज त्याला वाटली नाही.

पार्टीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकेशचा पिवळा अंगठा उगवला. खाली एक ओळ: ढोलक एकदम फिट, अब बस देवीदास अंकल की साँस का नॉइज़ फिर से काट देता हूँ.

शामरावनं या खेपेला स्वतः फोन केला. "श्वास काढशील तं मायी ढोलकपण काढ."

"अंकल, वो नॉइज़ है."

"नॉइज तं तुयी टिकटिक हाय. तो माणूस हाय."

लोकेशनं फोन ठेवला. पुढच्या तासाभरात शामरावनं मनाशी पक्कं धरलं होतं की आपण पार्टीतून गेलो. मग गाणं आलं, घरघरीसकट, ढोलकसकट. पोरानं बाकी काम नीटस केलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. बापाची जुनी पेटी कुठल्याशा कॅसेटमधून काढून त्यानं खाली हळूच घातली होती.

श्वास मात्र त्यानं कंटाळून ठेवला, पटून नव्हे. शामरावला त्याचं काही वाटलं नाही. असल्यांना पटवत बसण्याइतका तो रिकामा नव्हता.